राणकपूरचे खांब, कुंभलगडचा तट

उदयपूरहून गाडी करून राणकपूर आणि कुंभलगड एकाच दिवसात पाहून परत येण्याची पद्धत आता इतकी रूढ झाली आहे, की तिथल्या गाडीवाल्यांना तिचे वेळापत्रक तोंडपाठ असते. भल्या सकाळी निघायचे, ऊन तापायच्या आत किल्ला पाहायचा, घाट उतरून दुपारी मंदिर गाठायचे आणि अंधार पडता पडता उदयपुरात परतायचे. राणकपूरचे मंदिर पर्यटकांसाठी दुपारी बारानंतर उघडते, कारण सकाळचा वेळ पूजेचा असतो, त्यामुळे हा क्रम सोयीचाही आहे. मात्र या क्रमाने पाहिले की मनात एक जोडी आपोआप तयार होते आणि सोबतचे वाटाडे ती आणखी घट्ट करतात. सकाळी पाहिला तो युद्धाचा दगड आणि दुपारी पाहिला तो अहिंसेचा. वर राजाचा दर्प, खाली भक्ताची नम्रता. ऐकायला हे छान वाटते, पण मला ते पटले नाही. या दोन्ही जागा मी उलट्या क्रमाने, म्हणजे आधी मंदिर आणि मग किल्ला अशा, मधे मुक्काम करून पाहिल्या. तेव्हा जाणवले ते असे, की ही दोन्ही बांधकामे एकाच राजवटीत, एकाच डोंगररांगेत आणि बहुतांशी एकाच वेळी चालू होती, आणि एकाच्या जमाखर्चाशिवाय दुसऱ्याचा ताळा जमत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. इ.स. १४३३ मध्ये राणा मोकल मारला गेला आणि त्याचा मुलगा कुंभा मेवाडच्या गादीवर आला. एकीकडे माळव्याचा सुलतान, दुसरीकडे गुजरातचा सुलतान आणि डोंगरापलीकडे मारवाडचे राठोड, अशा तिहेरी पेचात त्याने पस्तीस वर्षे राज्य केले. मेवाडातल्या चौऱ्याऐंशी किल्ल्यांपैकी बत्तीस कुंभाने बांधले, असे तिकडे परंपरेने सांगतात. आकड्यात थोडी भाटगिरी असेलही, पण या माणसाने आयुष्यभर दगड रचून घेतले, यात शंका नाही. चितोडचा नऊ मजली विजयस्तंभ त्याचाच. शिवाय त्याने संगीतावर ग्रंथ लिहिला. अशा राजाच्या दरबारात धरणा शाह नावाचा एक पोरवाड जैन श्रेष्ठी होता. राणकपूरचे चौमुख मंदिर त्याने बांधवले. मंदिरातल्या शिलालेखावर विक्रम संवत १४९६, म्हणजे इ.स. १४३९ हे साल आहे, आणि काम त्यानंतरही बरीच वर्षे चालू राहिले. कुंभलगडाचे बांधकाम साधारण १४४३ ते १४५८ या काळातले. म्हणजे एका खोऱ्यात संगमरवरावर छिन्नी चालत होती, तेव्हाच वरच्या कड्यावर तटाचे थर चढत होते. गवंडी, पाथरवट, चुना, ओझ्याची जनावरे आणि या सगळ्यांना पुरेल इतके धान्य, हे सारे दोन्ही कामांना एकाच मुलुखातून पुरवले गेले असणार.

राणकपूर आज पाली जिल्ह्यात आहे. अरवलीच्या पश्चिम उतारावर, मघाई नदीच्या काठी, झाडीने वेढलेल्या एका अरुंद खोऱ्यात हे मंदिर उभे आहे. रेल्वेने जायचे तर फालना हे जवळचे मोठे स्थानक. आसपास गाव म्हणावे असे फारसे काही नाही. धर्मशाळा, भोजनशाळा, काही लहान मंदिरे आणि माणसांच्या हातातल्या पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेली वानरे. जागेसाठी कुंभाने जमीन दिली आणि वसणाऱ्या गावाला आपले नाव द्यावे अशी अट घातली, म्हणून ते राणपूर आणि पुढे राणकपूर झाले, अशी समजूत आहे. राजाने पैसा दिल्याचा उल्लेख कोणी करत नाही. जमीन राजाची, खर्च सावकाराचा, नाव राजाचे. व्यवहार म्हणून पाहिले तर दोन्ही पक्षांनी तो चोख केला.

बाहेरून हे मंदिर पाहणाऱ्याला ते मंदिर वाटतच नाही, हे मी आधी कुठे वाचले नव्हते. जमीन नदीकडे उतरती असल्यामुळे पश्चिमेच्या बाजूला जोते फार उंच झाले आहे आणि त्याच्यावर जवळजवळ नक्षीविरहित भिंत सरळ उभी आहे. वरून शिखरे आणि घुमट डोकावत नसते, तर एखाद्या सरदाराची गढी म्हणून ती सहज खपली असती. चामड्याचा पट्टा, पाकीट वगैरे वस्तू बाहेर ठेवून, अनवाणी, त्या उंच जिन्याने वर चढायचे. दारातून आत पाऊल टाकल्यावर मात्र भिंत संपते ती संपतेच, आणि चहूकडे खांबच खांब लागतात.

खांब १४४४ आहेत असे सांगतात, आणि त्यातले कुठलेही दोन सारखे नाहीत असेही सांगतात. मोजण्याच्या फंदात मी पडलो नाही, पण दुसऱ्या विधानाची परीक्षा पाहण्यासाठी शेजारशेजारच्या दोन खांबांसमोर बराच वेळ उभा राहिलो. दोन्ही खाली चौरस, मधे अष्टकोनी, वर गोल. एकावर साखळीला टांगलेल्या घंटांची रांग होती आणि प्रत्येक घंटेचा लोलक वेगळा कोरून काढला होता; दुसऱ्यावर त्याच उंचीला पानांची वेल होती आणि वेलीच्या प्रत्येक वळणात बोटाच्या पेराएवढी नर्तकी. उंची तीच, पट्ट्यांची विभागणी तीच, भरण वेगळे. म्हणजे सूत्रधाराने (मुख्य स्थपतीने) मापे ठरवून दिली आणि पट्टा भरण्याचे स्वातंत्र्य कारागिराला ठेवले. दीड हजार खांबांच्या कामात शेकडो हात गुंतलेले असताना एकसूत्रता राखायची आणि कंटाळाही येऊ द्यायचा नाही, तर याहून शहाणी व्यवस्था कुठली असणार?

अबूच्या दिलवाडा मंदिरांशी राणकपूरची तुलना नेहमी होते. विमल शाहाने १०३१ मध्ये बांधवलेली विमल वसही आणि वस्तुपाल-तेजपाल या बंधूंनी १२३० मध्ये बांधवलेली लूण वसही ही कोरीवकामाच्या बारकाईत राणकपूरच्या पुढे आहेत, हे मान्य करावेच लागते. लूण वसहीच्या छतातला लोंबता झुंबरासारखा संगमरवर पाहिल्यावर राणकपूरचे छत किंचित जाड हाताचे वाटते. पण दिलवाड्याला आपण मान वर करून एकेक छत पाहत पुढे सरकतो आणि थोड्या वेळाने डोळे थकतात. राणकपूरला पाहायची गोष्ट नक्षी नाही, पोकळी आहे. मंडपांच्या मधोमध उघडे चौक सोडलेले आहेत. त्यांतून ऊन थेट आत उतरते आणि खांबाखांबांतून पसरत जाते. जमिनीची पातळी जागोजाग दोन-चार पायऱ्यांनी वरखाली होते, मेघनाद मंडप मजल्यांवर मजले घेत उंच जातो, मग अचानक छत खाली येते. इतके खांब असूनही कुठेही गर्दी वाटत नाही आणि गाभाऱ्याकडची नजर कुठेही अडत नाही. हे साधण्यासाठी नुसता कोरीव हात पुरत नाही, डोक्यात सबंध इमारतीचा नकाशा तयार असावा लागतो.

तो नकाशा ज्याच्या डोक्यात होता त्याचे नाव देपा, शिलालेखातले देपाक. धरणा शाहाला स्वप्नात नलिनीगुल्म नावाचे देवविमान दिसले. त्याने अनेक सोमपुऱ्यांकडून, म्हणजे पिढीजात मंदिरे बांधणाऱ्या कारागिरांकडून, आराखडे मागवले, कुणाचाच पटला नाही, आणि शेवटी देपाच्या आराखड्यात त्याला आपले स्वप्न ओळखू आले, अशी कथा आहे. कथेचे काय ते असो, सूत्रधाराचे नाव शिलालेखात राजाच्या वंशावळीबरोबर आणि बांधवून घेणाऱ्याच्या नावाबरोबर कोरले गेले, ही गोष्ट मला मोलाची वाटते. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’ ही ओळ वाचलेल्या माणसाला अशा ठिकाणी थांबावेसे वाटते. आपल्याकडे हिरोजीने नाव पायरीवर घातले, इथे ते गाभाऱ्याजवळच्या खांबावर आहे. दोन्हीकडे धन्याने ते घालू दिले.

मंदिराची रचना चौमुखी का, याचे उत्तर जैन परंपरेत आहे. तीर्थंकराच्या उपदेशसभेला समवसरण म्हणतात. त्या सभेत तीर्थंकर पूर्वेला तोंड करून बसलेले असले तरी देवांच्या योजनेने उरलेल्या तिन्ही दिशांना त्यांची प्रतिमा दिसते, आणि कुठूनही आलेल्या श्रोत्याला ते आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटते. राणकपूरच्या गाभाऱ्यात पहिले तीर्थंकर आदिनाथ यांच्या चार मूर्ती चार दिशांना तोंड करून बसलेल्या आहेत, गाभाऱ्याला चार दारे आहेत आणि मंदिरालाही चार दिशांनी प्रवेश आहे. पश्चिमेचा दरवाजा रहदारीचा म्हणून मुख्य, एवढेच. म्हणजे बाहेरून गढीसारखी दिसणारी ही वास्तू आतल्या तत्त्वाने चारही बाजूंनी मोकळी आहे.

माझ्याबरोबर सांगलीकडचे एक स्नेही होते. घराणे दिगंबर जैन, पिढीजात धंदा शेतीचा. दक्षिण महाराष्ट्राबाहेर हे सांगितले की लोकांना नवल वाटते, कारण जैन म्हणजे व्यापारी असे समीकरण पक्के झालेले असते. पण वारणा-कृष्णेच्या काठची कितीतरी जैन घरे नांगरावरच वाढली आहेत. मूर्तीसमोर उभे राहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “आमच्याकडे देव डोळे मिटून बसतो. हा आपल्याकडे बघतोय.” श्वेतांबर परंपरेत मूर्तीला स्फटिकाचे किंवा काचेचे उघडे डोळे बसवतात, अंगी, म्हणजे सजावटीचा पोशाख, चढवतात, मुकुट घालतात, दिगंबर मूर्ती सर्वस्वी अनलंकृत असते. फरक त्यांना लहानपणापासून ठाऊक होता, पण चार दिशांना पाहणारे डोळे एकदम समोर आल्यावर तो नव्याने कळला असावा. पुजाऱ्यांनी त्यांना विचारले, “आपण कुठले?” सांगली म्हटल्यावर त्यांना काही उलगडा झाला नाही, कोल्हापूर म्हटल्यावर झाला. मग त्यांनी आपुलकीने आम्हाला बाजूच्या भिंतीतला सहस्रफणा पार्श्वनाथ दाखवला. एकाच शिळेत कोरलेल्या या गोल फलकात पार्श्वनाथांच्या मस्तकावर नागाच्या फणांचे वर्तुळ आहे आणि नागांच्या शेपट्या एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की कुठली कुणाची हे बोटाने मागोवा घेतला तरी लागत नाही. मंदिराच्या एका चौकात रायणीचे, म्हणजे आपल्या खिरणीचे, झाड आहे आणि त्याच्यापाशी आदिनाथांच्या पादुका. गुजरातेतल्या शत्रुंजय या जैन तीर्थावर रायणीखाली आदिनाथांच्या पादुका आहेत, त्याची ही आठवण. एका तीर्थात दुसरे तीर्थ असे आणून ठेवायची ही रीत मला फार आवडते. गुजरातपर्यंत जाणे ज्याला जमणार नाही त्याची सोय होते.

एका खांबावर हात जोडलेली एक लहान आकृती आहे, तोंड गाभाऱ्याकडे. ती धरणा शाहाची असे दाखवतात. एवढ्या प्रचंड खर्चाच्या धन्याने स्वतःसाठी इतकी थोडी जागा घेतली, याचे कौतुक सगळेच करतात. त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली जाते. तुपात पडलेली माशी धरणा शाहाने उचलली आणि तिच्या अंगाचे तूप वाया जाऊ नये म्हणून ती आपल्या जोड्याला पुसली. सूत्रधाराने ते पाहिले आणि असला चिक्कू माणूस काय मंदिर बांधणार, म्हणून परीक्षेसाठी मंदिराच्या पायात घालायला ढिगाने तूप आणि धातू मागितले. दुसऱ्या दिवशी सगळा माल जागेवर हजर. वाया काही घालवायचे नाही आणि लागेल तिथे हात आखडायचा नाही, असे शेटजींनी त्याला समजावले म्हणे. अशी गोष्ट बहुधा एकाहून जास्त मंदिरांच्या नावावर असणार. तिची घडणच तशी आहे. तरीही ती इथे शोभते, कारण सबंध इमारत त्या वृत्तीची साक्ष देते. बाहेरच्या भिंतीवर एक पैसाही उधळलेला नाही.

पुढे मंदिराचे दिवस फिरले. सतराव्या शतकानंतर वस्ती उठली, वाट जंगलात हरवली, आत चोर-दरोडेखोर मुक्कामाला येऊ लागले असे सांगतात. मंदिर पुन्हा उभे राहिले ते आणखी एका व्यापारी व्यवस्थेमुळे. अहमदाबादची शेठ आनंदजी कल्याणजी पेढी, जी शत्रुंजयाचाही कारभार पाहते, तिच्याकडे राणकपूर आले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठा जीर्णोद्धार झाला. पेढीचे अध्यक्ष तेव्हा गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई होते. पंधराव्या शतकातल्या शेटजींनी उभारलेले काम विसाव्या शतकातल्या शेटजींनी सावरले, आणि दोघांमध्ये पाचशे वर्षांचे अंतर असले तरी हिशेबाची पद्धत फारशी बदललेली दिसत नाही. जुना दगड शक्य तिथे ठेवायचा, मोडला असेल तिथे त्याच जातीचा नवा घालायचा, कारागीर पुन्हा सोमपुरेच. जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, हे मला बऱ्याच ठिकाणी सांगता आले नाही. यावर पुरातत्त्वाचे लोक नाक मुरडतील, आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. पण पूजेतल्या मंदिराला भग्न हात असलेली मूर्ती चालत नाही, ही अडचण त्यांना सोसावी लागत नाही.

राणकपूरच्या आवारातली बाकीची मंदिरे लोक घाईत टाळतात. पैकी सूर्यमंदिर तरी पाहावे. भिंतीभोवती घोड्यांच्या रथात बसलेल्या सूर्याच्या आकृतींची माळ आहे, आणि चौमुख मंदिरातून बाहेर आल्यावर तिचा खडबडीतपणा डोळ्यांना बरा वाटतो.

तिथून कुंभलगडाचा रस्ता घाटाने वर चढतो. वाटेत शेतांमधून अजून काही ठिकाणी बैलांचे रहाट चालतात. चाकावर डबे बांधलेले, बैल गोल फिरतोय आणि पन्हाळीतून पाणी पाटात पडते आहे. सीताफळाची झुडपे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी. आम्ही मुक्काम वाटेतच केला आणि सकाळी किल्ल्यावर गेलो.

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाला कुंभलगड सुरुवातीला चकवतो. आपल्याकडे कातळ उभा असतो. तासलेल्या कड्यालाच तट मानून माणसाने जिथे फट असेल तिथे भिंत घातलेली असते. राजगडाचा निम्मा बंदोबस्त डोंगराने केलेला आहे. अरवली हे झिजलेले, म्हातारे डोंगर आहेत, त्यांना असे कडे फारसे नाहीत. म्हणून इथे डोंगराची उणीव भिंतीने भरून काढली. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर, डोंगराच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत ही भिंत ३६ किलोमीटर धावते असे सांगतात. बुरूज तळाशी फुगीर आहेत, त्यामुळे शिडी लावायला सरळ बाजू मिळत नाही. वाटाडे लगेच चीनच्या भिंतीचे नाव काढतात. त्याची काही गरज नाही. ती भिंत सरहद्दीची आणि ही एका किल्ल्याची, दोन्हींचे काम वेगळे. इथली खरी करामत ही की रस्त्याने येताना किल्ला अगदी जवळ येईपर्यंत डोंगरांच्या आड लपलेला असतो.

किल्ल्याचा सूत्रधार मंडन. नुसता बांधणारा नव्हे, तर ‘प्रासादमंडन’, ‘राजवल्लभ’, ‘रूपमंडन’ असे शिल्पशास्त्रावरचे ग्रंथ लिहिणारा विद्वान. देपा आणि मंडन एकाच राजवटीतले. एकाने गुंतागुंत आत ठेवली, दुसऱ्याने बाहेर. हनुमान पोळ, राम पोळ, भैरव पोळ, निंबू पोळ असे एकामागून एक दरवाजे चढत, प्रत्येक वळणावर डाव्या-उजव्या अंगाला अडचण सोसत वर जायचे, ही योजना आपल्या किल्ल्यांच्या गोमुखी दरवाजांची आठवण करून देते. अगदी वरचा बादल महाल राणा फतेहसिंहांच्या काळात नव्याने उभारलेला आहे आणि गर्दी सगळी तिथेच असते. महाराणा प्रताप १५४० मध्ये याच किल्ल्यावर जन्मला, ती खोली पाहायला रांग लागते. मला महालात फारसे रमता आले नाही. मात्र गच्चीवरून पश्चिमेला मारवाडचे सपाट रान दिसते, आणि या माणसांनी किल्ला नेमका इथे का बांधला ते नकाशावाचून कळते. मेवाड आणि मारवाड यांच्यामधल्या घाटवाटांवर बसलेली ही चौकी आहे. त्या घाटवाटांनी सैन्य जाई तसे व्यापाऱ्यांचे तांडेही जात, आणि तांड्यांना संरक्षण मिळाले तरच राणाच्या खजिन्यात जकात पडे.

बहुतेक लोक महाल पाहून उतरतात. राम पोळाजवळून तटाच्या आतल्या बाजूने चालत गेले की किल्ल्याचा खरा विस्तार लागतो: तळी, शेते, आजही राहती घरे आणि मंदिरे. किल्ल्यात ३६० मंदिरे आहेत आणि त्यातली ३०० जैनांची, असा आकडा सांगितला जातो. आकडा गोळाबेरीज असला, तरी जैन मंदिरांची संख्या मोठी आहे हे पावलोपावली दिसते. पार्श्वनाथाचे मंदिर, गोलेराव नावाने ओळखला जाणारा मंदिरांचा समूह, पितलिया देव, आणि बावन देवरी. इथे आधी अशोकाचा नातू, जैन धर्माचा अनुयायी संप्रती याचा किल्ला होता, अशी लोकश्रद्धा आहे. ती इतिहासात टिकली नाही तरी या जागेवर जैनांचा हक्क लोकांच्या मनात किती जुना आहे, ते तिच्यातून कळते.

बावन देवरीत आम्ही दोघेच होतो. मधे मुख्य मंदिर आणि भोवती चौकाला वळसा घालून लहान लहान देवळ्यांची रांग, प्रत्येकीला स्वतःचे शिखर. स्नेह्यांनी एकेका देवळीत वाकून पाहिले. बहुतेक रिकाम्या. मूर्तीचे पीठ आहे, मूर्ती नाही. पिठावर वटवाघळांची घाण, कोपऱ्यात सुकलेली पाने. एका पिठाच्या कडेवर लांछनाची, म्हणजे तीर्थंकराच्या ओळखचिन्हाची, जागा सुबक चौकटीत सोडलेली होती, पण चिन्ह झिजून गेले होते, आणि कुठल्या तीर्थंकराची देवळी हे ठरवता येईना. स्नेह्यांनी बोटाने चौकट पुसली आणि म्हणाले, “इथं संघच राहिला नाही तर पूजा कोण करणार?” माझ्या डोक्यात घोळत असलेली गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगून टाकली. किल्ल्यावर दरबार होता, शिबंदी होती, त्यांना माल पुरवणारी बाजारपेठ होती, म्हणून श्रेष्ठी होते आणि श्रेष्ठी होते म्हणून मंदिरे होती. सत्तेचे केंद्र उदयपूरला गेले, शिबंदी कमी झाली, आणि पेठ उठली तशी मूर्तीही गेल्या. राणकपूरही उजाड झाले होते, पण त्याचा वाली दूर अहमदाबादेत पेढी मांडून बसला होता. किल्ल्यातल्या मंदिरांचा वाली किल्लाच होता.

कुंभाचा शेवटही याच आवारात झाला. मामादेव मंदिराजवळच्या कुंडापाशी १४६८ मध्ये त्याच्या मुलाने, उदाने, त्याला ठार केले. माळव्याच्या महमूद खिलजीला जो किल्ला घेता आला नाही, त्याच्या आत घरच्याच माणसाला तलवार चालवायला कुणाची परवानगी लागली नाही. या मंदिरातले मोठे शिलालेख आता उदयपूरच्या संग्रहालयात आहेत. कुंड अजून आहे, आणि तिथवर चालत जाणारे कमी.

शंभर वर्षांनी, १५७८ मध्ये, अकबराचा सरदार शाहबाजखान याने हा किल्ला घेतला. पुढे प्रतापाने तो परत मिळवला. त्या काळाच्या गोष्टींतही शेटजी पुन्हा पुन्हा येतात. गादी बळकावणाऱ्या बनवीराच्या तावडीतून लहानग्या उदयसिंहाला, म्हणजे प्रतापाच्या वडिलांना, वाचवून पन्ना दाई याच किल्ल्यावर घेऊन आली, तेव्हा त्याला आसरा देणारा किल्लेदार आशा शाह हा व्यापारी समाजातला होता. प्रतापाची तिजोरी रिकामी झाली तेव्हा आपली संपत्ती पुढे ठेवणारा भामाशाह जैन. आपल्याकडे मेवाडचा इतिहास घोडे, भाले आणि जौहर यांच्या रंगात सांगितला जातो, त्यात वहीखात्यांना जागा मिळत नाही. पण दरवाजा उघडायचा की नाही, हे अशा वेळी किल्लेदार ठरवतो, आणि तलवारी हातात धरणाऱ्यांचा पगार कुणीतरी द्यावा लागतो.

राजस्थानातल्या सहा डोंगरी किल्ल्यांची जी मालिका २०१३ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवली गेली, तिच्यात कुंभलगड आहे. किल्ल्याला त्याचा लाभ झाला. तटाची डागडुजी नीट आहे, रस्ते स्वच्छ आहेत. आतल्या जैन मंदिरांपाशी मात्र नावाच्या पाटीपलीकडे फारशी माहिती नाही, आणि ती असायला हवी. राणकपूरला ध्वनिफितीवर सबंध मंदिराची माहिती ऐकत हिंडता येते. तसे काही बावन देवरी आणि गोलेराव यांच्यासाठी झाले, तर महाल पाहून उतरणाऱ्यांपैकी दहातले दोन तरी तिकडे वळतील.

जाणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच, की दोन दिवस काढावेत आणि गाडीवाल्याचा क्रम मोडावा. पहिल्या दिवशी दुपारी राणकपूर, ऊन कलेपर्यंत; मुक्काम घाटात; दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यात शिरल्यावर महालाकडे न जाता आधी बावन देवरी आणि मामादेव, मग पाय उरले तर बादल महाल. तिसरा दिवस हाताशी असेल तर राणकपूर जिच्यात मोडते त्या गोडवाड भागातल्या पाच जैन तीर्थांच्या पंचतीर्थीतली उरलेली ठिकाणे, म्हणजे मुछाला महावीर, नारलाई, नाडोल आणि वरकाणा, पश्चिमेकडच्या पायथ्याला जवळजवळ आहेत. आमचा तो दिवस राहून गेला. स्नेही ऊस तुटून गेल्यावर पुन्हा निघायचे म्हणताहेत, आणि या वेळी वहीत खर्च आधी लिहून ठेवला आहे.